सुगंधाची फेरफार नोंद

कोल्हापुरातील एखाद्या जुन्या घराण्याच्या लग्नसमारंभात पानसुपारीच्या तबकाशेजारी गुलाबदाणी आणि अत्तरदाणी ठेवण्याचा प्रघात अद्याप सर्वस्वी लोपलेला नाही. घरातील वडीलधारे गृहस्थ कुपीत काडी बुडवून समोर आलेल्या पाहुण्याच्या हातावर हिन्याची एक रेघ ओढतात. साठी उलटलेला पाहुणा तो हात नाकाशी नेऊन माल अस्सल असल्याचा निर्वाळा देतो, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला त्याचाच वीस वर्षांचा नातू कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने आपला हात रुमालास पुसून टाकतो. पिढ्यांच्या आवडी भिन्न असावयाच्याच, असे म्हणून हे प्रकरण निकालात काढता आले असते. परंतु त्या आजोबांस जरा खोदून विचारले, तर विशीत असताना आपणही असाच हात पुसला होता, हे ते हसतहसत कबूल करतात. अत्तर तेच, नाकही त्याच माणसाचे. मग मधल्या चाळीस वर्षांत बदलले ते काय?

संशयित तीन आहेत: कुपीतील द्रव्य, नाक, आणि नाकाच्या मागे बसलेले मन. लोक बहुधा पहिल्यावर आळ घेतात आणि 'आता पूर्वीसारखा वास राहिला नाही' असे म्हणून मोकळे होतात. या आळात तथ्य मुळीच नाही असे नव्हे, आणि त्याची चौकशी पुढे करावयाची आहेच. परंतु आवडीनिवडीच्या बहुतेक उलाढाली दुसऱ्या आणि विशेषतः तिसऱ्या संशयिताच्या हातून घडलेल्या असतात, असे आजवरच्या संशोधनाचा तपशील पाहता म्हणावे लागते.

नाकाच्या छतावर

वास म्हणजे पदार्थापासून सुटून हवेत तरंगणारे त्याचे सूक्ष्म रेणू. ज्या पदार्थाचे रेणू लहान असून सहज उडतात त्याला वास येतो. काचेला तो येत नाही. श्वासाबरोबर आत गेलेले हे रेणू नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाशी, साधारणतः दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल इतक्या उंचीवर असलेल्या एका ओलसर, पातळ पडद्यावर जाऊन टेकतात. त्या पडद्यात लक्षावधी गंधपेशी असून प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे विशिष्ट आकाराच्या रेणूंना प्रतिसाद देणारा प्रथिनाचा अवयव, असतो. असे ग्राहक निर्माण करणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली उजेडात आणले, आणि त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यप्राण्यात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार कार्यक्षम आहेत.

प्रकार चारशे आणि वास मात्र अगणित, हे कसे जमते? एक रेणू एकाच ग्राहकाला जागे करतो असे नसून तो अनेकांना कमीअधिक प्रमाणात जागे करतो, आणि कोणकोणते ग्राहक जागे झाले त्या मेळावरून मेंदू वास ओळखतो. मेळ बांधत गेल्याने संख्या किती झपाट्याने फुगते याचा अंदाज आपल्या पूर्वजांस उत्तम होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या अध्यायात सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० निरनिराळे मेळ होतात, असे गणित मांडले आहे. सोळांतून चार घेतल्याने जेथे अठराशेवर मजल जाते, तेथे चारशेंतून कितीही घेण्याची मुभा असल्यावर काय होईल, हे सांगावयास नको.

मेळाइतकेच महत्त्व मात्रेला आहे. जाई आणि मोगरा या फुलांच्या वासात इंडोल नावाचे एक द्रव्य असते, आणि तेच द्रव्य विष्ठेतही असते. अल्प प्रमाणात ते फुलाच्या वासाला भरदारपणा आणते, प्रमाण वाढले की किळस आणते. तेव्हा ज्याचे नाक इंडोलाच्या बाबतीत तिखट आहे त्याला ओंजळभर मोगरा बंद खोलीत असह्य व्हावा, आणि त्याच खोलीत त्याच्या पत्नीला प्रसन्न वाटावे, यात दोघांपैकी कोणाचाही अरसिकपणा सिद्ध होत नाही.

ज्याचे त्याचे नाक

कोणतीही दोन माणसे घेतली, तरी त्यांच्या गंधग्राहकांपैकी सुमारे तीस टक्क्यांचे कार्य एकमेकांहून भिन्न असते, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे. याचे नामांकित उदाहरण म्हणजे अँड्रोस्टेनोन नावाचे, रानडुकरात आणि माणसाच्या घामातही आढळणारे द्रव्य. ते हुंगवले असता काहींना मूत्राची दुर्गंधी येते, काहींना चंदनासारखा गोडसर वास येतो, तर काहींना काहीच येत नाही. या फरकात एका विशिष्ट जनुकाचा हात असल्याचे २००७ साली दाखवून देण्यात आले.

येथवर ऐकल्यावर ज्याचे नाक जसे घडले तसे ते कायमचे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती खोटी आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील चार्ल्स वायसॉकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांना अँड्रोस्टेनोनचा वास मुळीच येत नव्हता अशा माणसांना ते काही आठवडे रोज नेमाने हुंगावयास लावले. त्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना तो वास येऊ लागला, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. गंधपेशी या शरीरातील अशा थोड्या ज्ञानपेशींपैकी आहेत, की ज्या जन्मभर झिजतात आणि काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने नव्याने उगवतात. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पेशींनी हिना नाकारला, त्या पेशी केव्हाच इतिहासजमा झालेल्या असतात.

नाकाप्रमाणे त्वचेचाही यात वाटा आहे, आणि त्याचे उदाहरण शोधण्यास कोल्हापूरकराला दूर जाण्याची गरज नाही. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाला जो दवणा वाहतात, त्याच्या हिरव्या-करड्या जुड्या हातात घेतल्या म्हणजे गोडसर, फळासारखा आणि मागून किंचित कडवट असा वास येतो. गुलाल आणि खोबरे यांच्या गर्दीतही तो वेगळा ओळखू येतो. हाच दवणा कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत शेतात लावतात, त्याचे तेल काढतात आणि त्यातील बराच भाग परदेशी अत्तरांच्या कारखान्यांकडे रवाना होतो. दवण्याचे तेल प्रत्येकाच्या अंगावर निराळा वास देते, अशी त्या व्यापारात ख्याती आहे. त्यात व्यापाऱ्यांची अतिशयोक्ती किती आणि तथ्य किती हे बाजूस ठेवले, तरी त्वचेची उष्णता, ओल आणि स्निग्धता यांवर तेलातील कोणता अंश आधी उडेल आणि कोणता मागे राहील हे अवलंबून असते, एवढे खरे. वय वाढले की त्वचा कोरडी पडते, आणि पूर्वी दिवसभर टिकणारे अत्तर दुपारच्या आतच उडून जाते.

दफ्तरातील फेरफार

आता तिसऱ्या संशयिताकडे वळू. खरा मामला येथेच आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यातून तपासून पुढे पाठविले जाते. वासाची वाट निराळी आहे. नाकाच्या छतावरून निघालेले तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात शिरतात आणि तेथून ते ठाणे टाळून भय, माया, किळस या भावनांचे आणि आठवणींचे व्यवहार जेथे चालतात त्या भागांशी थेट संधान बांधतात. वास कशाचा हे ओळखण्यापूर्वीच तो आपल्याला हवासा किंवा नकोसा वाटून गेलेला असतो तो यामुळे. नाव मागाहून सुचते, पुष्कळदा सुचतही नाही.

सातबाऱ्याचा उतारा ज्यांनी कधी बारकाईने वाचला आहे, त्यांस पुढील व्यवस्था समजण्यास कठीण जाणार नाही. जमीन तीच, गट नंबर तोच. परंतु वारस लागला, खरेदीखत झाले, सोसायटीचा बोजा चढला की तसा फेरफार नोंदविला जातो, आणि जुने नाव खरवडून न काढता कंसात घातले जाते. वासाचीही मेंदूत अशीच खातेफोड चालू असते. वास म्हणजे जमीन. तो प्रिय की अप्रिय ही त्यावरील नोंद, आणि ती नोंद अनुभवाच्या हुकुमाने वेळोवेळी बदलते. कंसातले जुने नाव मात्र कायम असते, म्हणूनच वर्षानुवर्षे विसरलेला एखादा वास अवचित आला की मधले सारे फेरफार ओलांडून माणूस मूळ मालकापाशी जाऊन पोचतो.

पहिली नोंद तर जन्मापूर्वीच होते. बेनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील आल्सास प्रांतात केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या मातांनी गरोदरपणाच्या अखेरीस बडीशेपेच्या जातीचे ॲनिस खाल्ले होते, त्यांची अर्भके जन्मतःच त्या वासाकडे वळत असल्याचे, आणि ज्यांच्या मातांनी ते खाल्ले नव्हते ती अर्भके तोंड फिरवीत असल्याचे किंवा उदासीन राहत असल्याचे आढळले. ॲनिस आणि आपली बडीशेप या दोहोंच्या वासाचे मुख्य द्रव्य एकच, ॲनेथोल. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत बडीशेप, ओवा, शेपा, डिंक यांची रेलचेल असते, आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, ऊद यांची धुरी दिली जाते. तेव्हा मराठी माणसाच्या गंधदफ्तराचे पहिले पान कोणत्या शाईने लिहिले जाते याविषयी तर्क करावयास हरकत नाही. मोठेपणी परगावी गेलेल्या माणसाला उदाचा धूर एकदम निर्धास्त करून टाकतो, त्याची कारणे तो देवघरात शोधतो. ती बहुधा त्याच्याही आधीच्या, न्हाणीघराशेजारच्या शेगडीत असतात.

एका प्रवासाचा बोजा

गोड नोंदी हळूहळू होतात. कडू नोंद एका फटक्यात होते. पोटात मळमळ सुरू असताना जो वास नाकात असेल त्याच्यावर मेंदू ताबडतोब बोजा चढवितो, आणि तो उतरण्यास वर्षे लागतात. कोल्हापुराहून रत्नागिरीस निघालेल्या बसमध्ये आंबा घाटाची वळणे सुरू होतात, पुढच्या आसनावरील बाईंच्या वेणीत सकाळी माळलेला गजरा आता कोमेजून अधिकच दरवळू लागलेला असतो, त्यात डिझेलचा धूर मिसळतो, आणि शेजारच्या मुलाचे पोट ढवळून निघते. त्या मुलाला पुढे जन्मभर मोगरा आवडला नाही, तर नवल मानू नये. मोगऱ्याचा काही अपराध नसतो, हे त्याला बुद्धीने पटते. परंतु या खात्यात बुद्धीची सही चालत नाही.

राष्ट्रेच्या राष्ट्रेही अशा नोंदींनी विभागली जातात. विंटरग्रीन या वनस्पतीचा, म्हणजे मिथिल सॅलिसिलेट या द्रव्याचा वास, १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये घेतलेल्या पाहणीत लोकांना अगदी नावडता ठरला, आणि पुढे अमेरिकेतील पाहणीत तोच अत्यंत आवडता ठरला. याचा उलगडा असा करतात, की अमेरिकेत तो वास गोळ्या-मिठायांतून मुलांना भेटतो, तर ब्रिटनमधील त्या पिढीला तो युद्धकाळात दुखण्यावरच्या मलमांतून भेटला होता. आपल्याकडेही तो मलमातूनच भेटतो. पण ज्या घरी रात्री नातवाने आजीच्या गुडघ्याला मलम चोळावयाचे आणि आजीने गोष्ट सांगावयाची असा करार असेल, तेथे मलम असूनही नोंद गोड होते. द्रव्य काय आहे याहून ते कोणत्या संगतीत भेटले याला महत्त्व आहे, ते असे.

नुसत्या नावानेही नोंद फिरते. रेचेल हर्झ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच मिश्रण काही लोकांना पार्मेसान चीज म्हणून आणि काहींना वांती म्हणून हुंगविले. पहिल्यांना ते बरे वाटले आणि दुसऱ्यांनी नाके मुरडली.

गुऱ्हाळाचा वास आणि पॅरिसची बाटली

या नियमाचा सर्वांत गमतीदार पडताळा आपल्या गुळात मिळतो. दिवाळीनंतर करवीर, पन्हाळा, कागल भागात गुऱ्हाळे पेटली, की काहिलीत उसाचा रस आटू लागतो. प्रथम येतो तो हिरवट, उसाच्या पात्यासारखा वास; भेंडीच्या चिकाने मळी वर आणून ती काढून टाकली म्हणजे तो निवळतो; मग फेस तांबूस होत जातो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, वाफेला खरपूस गोडी चढते, आणि गुळव्या पळीभर पाक पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांत दाबून पाहतो. काहील उतरविण्याचा क्षण चुकला तर वास करपट होतो, आणि मग त्या आधणाला बाजारात भाव नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या गूळपेठेची सारी कीर्ती या काही मिनिटांच्या पारखीवर उभी राहिली.

कच्च्या साखरेच्या आणि गुळाच्या या खरपूस वासात सोटोलोन नावाचे एक अतिशय प्रबळ द्रव्य असते. मौज अशी, की मेथीच्या दाण्यांच्या वासाचे मुख्य कारणही तेच आहे: किंचित असेल तर जळत्या साखरेचा गोडवा, मात्रा वाढली तर मेथी. १९९२ साली पॅरिसमध्ये टिएरी मुग्लेर यांच्या नावाने 'एंजल' हे अत्तर निघाले. त्यात एथिल माल्टोल या साखरेच्या पाकाचा वास देणाऱ्या कृत्रिम द्रव्याचा असा सढळ वापर होता, की त्यापासून मिठाईसारख्या वासाच्या अत्तरांची एक शाखाच सुरू झाली. गुऱ्हाळावर बालपण घालविलेल्या शेतकऱ्यापुढे ही कुपी धरली, तर अंगाला पाकाचा वास लावून हिंडण्याची कल्पना त्याला हास्यास्पद वाटेल. त्याच्या दफ्तरी हा वास चिकट हात, रात्रीचे जागरण आणि अडतीचा हिशेब या सदराखाली जमा आहे. पुण्यात नोकरी करणारी त्याची नात मात्र तसलीच बाटली चार हजार रुपये मोजून घेईल. तिच्या वाट्याला काहिलीची धग आलेली नाही; सुटीत मिळालेली गरम काकवी तेवढी आली आहे.

सवयीचा महिमा

वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. गूळपेठेतील अडत्याला गुळाचा आणि साखर कारखान्याजवळ राहणाऱ्याला मळीचा वास येईनासा होतो, तो याच कारणाने. काही मिनिटांत गंधपेशींचा प्रतिसाद मंदावतो, आणि पुढे दिवसेंदिवस मेंदूही या वासाकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. याचा एक दुष्परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्षानुवर्षे एकच सुगंध वापरणाऱ्या व्यक्तीला तो स्वतःला जाणवत नाही, म्हणून मात्रा वाढत जाते, आणि ही मंडळी लिफ्टमध्ये शिरली की इतरांचा श्वास कोंडतो. त्यांना हे कोणी सांगत नाही, हा आपल्या शिष्टाचाराचा दोष.

परंतु सवयीचे दुसरेही अंग आहे. अपरिचित गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते, असे रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखविले. ते प्रयोग शब्द आणि चित्रे यांवरचे होते, पण वासालाही हे पुष्कळ अंशी लागू पडते. साधा, गोड, एकसुरी वास पहिल्या भेटीतच आवडतो आणि लवकरच कंटाळवाणा होतो. गुंतागुंतीचा वास प्रथम गोंधळात टाकतो आणि परिचयाने उलगडत जातो. बाजारात हिना म्हणून मिळणारे जुन्या घाटाचे अत्तर हे केवळ मेंदीच्या फुलांचे नसते. त्यात अनेक मुळ्या, मसाले आणि शेवाळासारख्या वनस्पतींचा अर्क एकवटलेला असतो. विशीतल्या नाकाला त्यात नुसता एक उग्र गोळा भासतो. चाळीस वर्षे लग्नामुंजींतून तो भेटत राहिला, की त्या गोळ्यातील केशर, जटामांसी, चंदन हे धागे सुटे होऊ लागतात.

---
चौकट: अत्तर पारखताना

कुपीच्या तोंडाशी नाक नेऊन निर्णय करू नये. मनगटावर थेंब लावून निदान अर्धा तास थांबावे. लिंबू-संत्र्यासारखे हलके अंश पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात, आणि दिवसभर जो सोबत राहणार तो वास त्यानंतर समोर येतो.

एका बैठकीत तीनांहून अधिक वास घेऊ नयेत. दुकानात मधूनमधून हुंगण्यासाठी कॉफीच्या बिया ठेवतात. साध्या हवेहून त्यांचा अधिक उपयोग होत नाही, असे प्रयोगांती दिसून आले आहे.

उन्हाळ्यात घेतलेले अत्तर हिवाळ्यात आणि हिवाळ्यात घेतलेले उन्हाळ्यात पुन्हा एकदा तपासावे.

---

ऋतू, वय आणि आजार

उन्हाळ्यात वाळा, गुलाब, केवडा, मोगरा आणि थंडीत हिना, कस्तुरी, अंबर, अशी अत्तरांची ऋतुवार वाटणी आपल्याकडे रूढ आहे. एकांना थंड आणि दुसऱ्यांना उष्ण म्हणण्याची रीत वैद्यकातील कल्पनांवरून आली असली, तरी व्यवहारात ती नीट उतरते. उष्ण हवेत रेणू झपाट्याने उडतात, म्हणून जड अत्तर वैशाखात अंगावर येते आणि मार्गशीर्षात बेताचे लागते. एकाच माणसाची आवड वर्षातून दोनदा बदलते, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही.

वयाची गोष्ट याहून गंभीर. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने सप्टेंबर १९८६च्या अंकासोबत खरवडून हुंगावयाचे सहा वास जोडून वाचकांस प्रश्न विचारले, आणि सुमारे पंधरा लाख लोकांची उत्तरे आली. वय वाढेल तशी घ्राणशक्ती मंदावते हे त्यात स्पष्ट दिसले. शिवाय सर्व वासांबाबत ती सारख्या वेगाने मंदावत नाही, हेही दिसले. हा असमतोल फार महत्त्वाचा आहे. अत्तरातील दहा अंशांपैकी तीन जर नाकाने गाळून टाकले, तर उरलेल्या सातांचे ते निराळेच अत्तर होते. हिन्यातील जो झणझणीतपणा नातवाला टोचतो, तो आजोबांच्या नाकापर्यंत पुरता पोचतच नाही, आणि त्यांच्या वाट्याला मुख्यतः खालचा ऊबदार भाग येतो. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच कुपीविषयी भांडत असले, तरी दोघे निरनिराळ्या वासांविषयी बोलत असतात.

आजार हा बदल एका रात्रीत घडवितो. २०२० नंतर कोविडने असंख्य लोकांचा वास हिरावला. हा विषाणू मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो, आणि मग गंधपेशींची व्यवस्था कोसळते. वास परत येताना कित्येकांच्या बाबतीत तो वाकडा होऊन आला: कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले मांस यांना कुजका किंवा जळका वास येऊ लागला. कांदा-लसणाच्या चटणीवाचून ज्याचा घास उतरत नाही आणि तांबड्या रश्श्यावाचून ज्याचा रविवार साजरा होत नाही, त्या कोल्हापूरकरावर हा प्रसंग म्हणजे जप्तीच होय. जर्मनीतील टोमास हुमेल यांनी २००९ साली सुचविलेला व्यायाम त्यावर उपयोगी पडतो असे आढळले आहे. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ काही सेकंद लक्षपूर्वक हुंगावयाचे आणि हा क्रम बारा आठवडे चालवावयाचा. चारही वस्तू आपल्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानी मिळतात.

कुपीची चौकशी

राहता राहिला पहिला संशयित. समाजाची आवड शतकांच्या हिशेबात पाहिली, तर द्रव्ये बदलतात यात शंकाच नाही. वराहमिहिराच्या सोळा द्रव्यांत नख, म्हणजे समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याचे झाकण, आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि जुन्या मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' हे गंधशास्त्राचे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. मराठीत अत्तरे करण्याची विद्या कित्येक शतकांपूर्वी लिहून ठेवली गेली होती, हे त्यामुळे कळले. जवादी मांजराच्या ग्रंथीतून निघणारा स्राव त्या काळी उंची सुगंधात मोडे. आज तो कोणी कच्च्या स्वरूपात नाकापुढे धरला, तर आपण खिडकी उघडू.

जवळच्या काळातही बदल झाले आहेत. कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीवाटे भपक्यात नेतात आणि तेथील चंदनाच्या तेलात जिरवितात. १९१६ साली म्हैसूरला सरकारी चंदनतेलाचा कारखाना निघाला तेव्हा चंदन महाग असले तरी आवाक्यात होते. आज ते इतके दुर्मिळ झाले आहे, की पुष्कळ अत्तरांत चंदनाच्या जागी पॅराफिनचे तेल असते. वास फुलाचा उतरतो, पण त्याखालची बैठक गेलेली असते. युरोपात तर कायद्यानेच काही द्रव्ये बाद होतात: लिली ऑफ द व्हॅलीच्या नाजूक फुलांचा भास देणारे लिलियल हे साबणा-अत्तरांतील अत्यंत रूढ द्रव्य १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास मनाई झाली, आणि ज्या ज्या पदार्थांत ते होते त्यांच्या कृती मुकाट्याने बदलल्या. वापरणाऱ्याला कोणी कळवीत नाही. त्याला वाटते, आपलेच नाक बिघडले.

मग दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर मोती साबणाची वडी उघडताना घरातील ज्येष्ठ मंडळी वास पूर्वीचा नाही अशी जी तक्रार दरवर्षी करतात, ती खरी की खोटी, हे ठरवावे कसे? स्मरणाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण स्मरणावर एवढ्या दिवाळ्यांचे फेरफार चढलेले आहेत. जपून ठेवलेली जुनी कुपी किंवा वडी पुढे केली, तर तीही निर्दोष साक्षीदार नव्हे: प्रकाश, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांनी लिंबू-संत्र्यासारखे हलके अंश आधी विटतात, तर चंदन आणि वाळा यांची तेले वर्षे गेली तशी उलट अधिक मुरतात. व्हर्सायच्या ऑस्मोथेक संस्थेत १९९० पासून जुनी अत्तरे अंधारात, १२ अंश तापमानात आणि प्राणवायूऐवजी आरगॉन वायूच्या आच्छादनाखाली राखून ठेवतात, ती याच अडचणीवरील तोड म्हणून. १९७५ साली बाजारात आलेल्या लिरिल साबणाची पहिली वडी एखाद्या कोल्हापूरकराने अशा बंदोबस्तात ठेवली असल्यास ती जरूर पुढे यावी. तोवर हे प्रकरण न्यायप्रविष्ट समजावे.